शंभरातले अठरा : खानदेश, विद्यापीठ आणि गळतीचा हिशेब

विद्यापीठाची आकडेवारी वाचण्याची आपल्याकडे एक प्रस्थापित रीत आहे. यंदा प्रवेश किती झाले, जागा किती भरल्या, त्यांत मागासवर्गीय किती, मुली किती, एवढे सांगून झाले की वाचन संपते. वार्षिक अहवालात हे आकडे पहिल्या पानांवर येतात, उद्‍घाटनाच्या भाषणांत येतात, वर्तमानपत्रांतही येतात. जे आत आले त्यांतले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, आणि जे मधेच गळाले ते कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि किती रुपयांपायी गळाले, याचा रकाना मात्र क्वचितच आखलेला असतो. जो रकाना आखलेलाच नाही त्यात कोणाचे नाव लिहिणार? म्हणून गळालेल्यांचा इतिहास नाही. प्रवेश घेतलेल्यांचा तेवढा आहे.

ही रीत आजची नाही. ती विद्यापीठाइतकीच जुनी आहे. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, भडगावच्या परिसरात, मी महाविद्यालयात शिकवतो. येथून पाहिले असता हा इतिहास कसा दिसतो ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. ती सर्वांना पाठ असते. तिच्या आदल्या वर्षीची एक घटना मात्र पाठ्यपुस्तकात नसते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायची त्याची तयारी होती. सरकारने त्याचे म्हणणे न्यायाचे आहे हे नाकारले नाही. परंतु एका मुलासाठी शाळा खुली केली तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी ठरेल, असा व्यवहार दाखवून त्याला बाहेर ठेवले. पुढे हे प्रकरण कलकत्त्याला आणि विलायतेपर्यंत गेले, शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व कागदावर आले, आणि तो मुलगा जेथे होता तेथेच राहिला. एकीकडे एका मुलाला इयत्तेत बसू द्यायचे नाही आणि दुसरीकडे वर्षभरात विद्यापीठाचा कायदा करायचा, ही दोन्ही कामे एकाच सरकारने केली. विद्यापीठाच्या दफ्तरात त्या मुलाची नोंद असण्याचे कारणच नव्हते. तो गळालेला नव्हता, कारण तो कधी दाखलच झाला नव्हता.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही कर्तबगार होते यात शंका नाही. त्यांची आडनावे वाचून जे कळते ते सांगायला आकडेवारीची गरज लागत नाही. तरी आकडेवारीही पुढे झाली. १८८१-८२ च्या पाहणीत मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांत निम्मे ब्राह्मण होते, कुणबी-शेतकरी वर्गातले बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांना त्या तक्त्यात ‘खालच्या जाती’ म्हटले होते त्यांच्यापुढे शून्य होते. प्राथमिक शाळांत याच जातींची मुले शेकड्याला एकसुद्धा भरत नव्हती, तेव्हा वरचे शून्य आकाशातून पडलेले नव्हते.

याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. त्यातली प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण नेहमी सांगतो. त्यात पैशाचा जो हिशेब आहे तो कमी सांगतो. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. त्याच निवेदनात एक लहानसा व्यावहारिक मुद्दाही आहे. कॉलेजात न बसता खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्याला मॅट्रिकप्रमाणे बी. ए., एम. ए. च्या परीक्षाही देऊ द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. कॉलेजात बसणे ही स्वतःच एक महागडी गोष्ट आहे, हे ज्याने ओळखले त्यालाच ही सूचना सुचते. पदवीची किंमत फीच्या पावतीवर पुरती लिहिलेली नसते, हे जोतीरावांना १८८२ साली ठाऊक होते.

आता खानदेशाकडे येऊ. १८७० च्या दशकात भडगावला सरकारी शेत होते. कापसाचे कोणते वाण येथल्या काळ्या जमिनीत टिकते, किती पिकते, याचे प्रयोग तेथे होत आणि त्यांच्या नोंदी खानदेशाच्या गॅझेटिअरमध्ये गेल्या. बियाण्याची उगवण किती आणि मर किती, हे सरकार मोजत होते. त्या शेताच्या आसपासच्या महारवाड्यातली किती मुले शाळेत उगवली आणि किती मेली, हे मोजण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. कापूस मँचेस्टरला जाणार होता, मुले कोठेच जाणार नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशवसुत भडगावच्या शाळेत मास्तर होते. अंत्यजाच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिणारा हा कवी. तो स्वतः मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकला नाही. ब्राह्मण घरातल्या गरीब माणसालाही त्या काळी कॉलेज परवडत नव्हते, मग ज्याचा प्रश्नच शाळेच्या दारापाशी सुरू होत होता त्याचे काय बोलावे!

कॉलेज होते कोठे? खानदेशाला फार दिवस ते नव्हतेच. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, दोन कचेऱ्या झाल्या, दोन कलेक्टर आले. कॉलेजासाठी मात्र पुणे किंवा मुंबई. नाशिकला १९२४ मध्ये हं. प्रा. ठा. कॉलेज निघाले तेव्हा अंतर थोडे तुटले. अमळनेरचे प्रताप कॉलेज आणि जळगावचे मूळजी जेठा कॉलेज १९४५ च्या सुमाराची. म्हणजे मुंबई विद्यापीठ निघाल्यावर जवळजवळ नव्वद वर्षे खानदेशातल्या मुलाला पदवीसाठी खानदेश सोडणे भाग होते. ज्याच्या घरी जमीन, सावकारी किंवा वतनी नोकरी, त्याचा मुलगा कजगावच्या स्टेशनावर ट्रंक घेऊन उभा राहू शकत होता. येसकराच्या मुलाने ट्रंक कोठून आणावी?

ही सगळी परिस्थिती ज्यांनी आकड्यांत पकडली ते बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या सभागृहातल्या भाषणांपैकी १२ मार्च १९२७ चे, शिक्षणाच्या अनुदानावरचे भाषण कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावे असे मी सुचवीन. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा आठवडाच उरला होता. तळ्याचा दिवस आपण साजरा करतो. त्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईच्या कौन्सिलात मांडलेला हा हिशेब मात्र ग्रंथालयात पडून असतो.

त्या हिशेबात लोकसंख्येचे चार गट होते : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागासलेला वर्ग. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८, मागासलेल्यांची १८. दुय्यम शिक्षणात दर लाखामागे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. आणि कॉलेजात दर दोन लाखांमागे १०००, ५२, १४ आणि शेवटी शून्य, फार तर एक. हे आकडे नुसते वाचू नयेत, एकाखाली एक मांडून पाहावेत. पायरी चढत जावी तसतशी दरी रुंदावत जाते. तळाशी पुढारलेला आणि मागासलेला यांच्यात सहा-साडेसहा पटींचे अंतर आहे. दुय्यम शाळेत ते दोनशे पटींच्या वर जाते. कॉलेजात भागाकारच करता येत नाही, कारण भाजक शून्य आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मधला वर्ग म्हणजे मराठे आणि तत्सम शेतकरी जाती. दोन लाखांत चौदा! खानदेशातला कुणबी, लेवा, माळी हा त्या चौदांतच कोठेतरी होता. आज याच समाजांतली काही तरुण मंडळी आमच्या सवलतींचा हिशेब मागतात. त्यांनी आपल्या पणजोबांचा आकडा एकदा पाहावा एवढेच म्हणणे आहे.

परंतु त्या भाषणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितले. सरकारचे अहवाल पट वाढल्याचे सांगत होते आणि हा एक सभासद टिकले किती ते विचारत होता. पट मोजणे आणि टिकणे मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने सरकारची कामगिरी दिसते, दुसऱ्याने मुलाची अवस्था. शिक्षणावरचा खर्च वाया जाऊ नये म्हणून मूल चौथीपर्यंत तरी टिकलेच पाहिजे, असा त्यांचा व्यवहारी युक्तिवाद होता.

त्याच भाषणात खर्चाचाही प्रश्न आला. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या २६ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. आणि जे खाली आहेत त्यांना वर आणायचे तर सर्वांना सारखे वागवून भागणार नाही, खालच्यांना झुकते माप द्यावे लागेल, हे तत्त्वही तेथेच मांडले. हे तत्त्व राज्यघटनेत नंतर आले. आधी ते फीच्या हिशेबातून आले.

पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी धारवाडच्या मुलापासून सगळा इतिहास कागदपत्रांनिशी लिहून काढला. त्याच साली मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. या समितीच्या कामासाठी १९२९ साली ते खानदेशात आले, धुळ्याकडच्या बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला पण हाकणारा मिळेना, म्हणून वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने लगाम धरला, आणि पुलापाशी टांगा उलटून बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वेळी त्यांच्याजवळ मुंबई, कोलंबिया आणि लंडन या तीन विद्यापीठांच्या पदव्या होत्या, शिवाय बॅरिस्टरी. टांगेवाल्याकडे यांपैकी एकही नव्हती. तरी कोणाला नाही म्हणण्याचा अधिकार होता?

चाळीसगाव आमच्यापासून फार लांब नाही. तो पूल विद्यार्थ्यांना सांगताना मी एवढेच जोडतो की या माणसाचे स्वतःचे बी. ए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांवर झाले. ते २५ रुपये नसते तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या पटावर एक नाव येऊन गेले असते आणि गळालेल्यांच्या न आखलेल्या रकान्यात पडले असते.

म्हणूनच शिष्यवृत्ती हा विषय त्यांनी कधी दयेचा केला नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी जे निवेदन दिले त्यात बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना हिंदुस्थान सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला काय, असा रोखठोक सवाल होता. तेवढीच रक्कम मंजूर करवून घेतली. १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. जिला आपल्याकडे सगळे जण नुसते ‘जी. ओ. आय.’ म्हणतात ती हीच. १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद ही दोन महाविद्यालये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढली. खानदेशातल्या आमच्या आधीच्या पिढीला मिलिंदचे मोल विचारावे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की औरंगाबाद. तेथे वसतिगृह होते, दोन वेळचे जेवण होते, आणि आपल्यासारखीच मुले होती. अमळनेर-जळगाव जवळ असूनही कित्येक जण घाट ओलांडून गेले याचे कारण अभ्यासक्रमात शोधू नये. ते मेसच्या पानात शोधावे.

धर्मांतरानंतर एक नवाच पेच आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे बौद्ध झाले ते केंद्र सरकारच्या यादीनुसार अनुसूचित जातीत उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राची मान्यता यायला १९९० साल उजाडले. या मधल्या चौतीस वर्षांत आमच्या वस्त्यांमधल्या घराघरांत एकच चर्चा होत असे : मुलाच्या दाखल्यावर काय लिहायचे? घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘हिंदू महार’. सरकारी तक्त्यांत बौद्ध विद्यार्थी किती हे पाहणाऱ्या संशोधकाने हे विसरू नये. ज्या तक्त्यावर भाकरी अवलंबून असते तो तक्ता माणसे भाकरीच्या बाजूने भरतात.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाले आणि खानदेश त्याला जोडला गेला. पुढची एकेचाळीस वर्षे आमचे विद्यापीठ तीनशेहून अधिक किलोमीटरवर होते. गुणपत्रकात नाव चुकले, पात्रतेचा कागद अडला, की पत्रव्यवहार करा नाही तर कजगाव किंवा चाळीसगावहून गाडी पकडून पुण्याला जा. तेथे ओळखीचे घर नसेल तर स्टेशनावर झोपा. ही किंमत कोणत्याही फीच्या तक्त्यात नव्हती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले, आणि हे अंतर साठेक किलोमीटरवर आले. माझ्या मते खानदेशातल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या वर्षातली ही सर्वांत ठोस घटना होती. आमच्या भडगावची गिरणा पुढे जळगावजवळ विद्यापीठाच्या अंगावरून जाते, ही भूगोलाची कृपा. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते तिच्या नावाने पदव्या दिल्या जातात, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. तिच्या नावासाठी कोणाचे घर जळले नाही हेही चांगलेच झाले. घाटापलीकडे एका नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे काय काय घडले ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

या विद्यापीठाचा मी पदवीधर आहे. माझ्या घरात पदवी घेणारा पहिला. वडील सालदार होते. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला बदलते. त्या दिवशी मागची उचल फिटली की नाही ते पाहून पुढचा करार होतो. विद्यापीठाचे साल जूनमध्ये बदलते. या दोन सालांमधले दीड-दोन महिने आमच्या घरी सर्वांत अवघड जात. कारण आखाजीची उचल घरखर्चात संपलेली असे आणि जूनमध्ये प्रवेशाची रक्कम, पुस्तके, पास, खोलीचे भाडे एकदम उभे राही. शिष्यवृत्तीचे पैसे येत ते वर्ष सरता सरता, कधी कधी वर्ष सरल्यावर. माय कापूस वेचायला जाई, किलोवर मजुरी. दिवाळीच्या आगेमागे वेचणीचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा एकाच वेळी येते. माझ्या वर्गातल्या मुलींची हजेरी त्या दिवसांत कोठे जाते हे मला म्हणूनच कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरची माणसे ऊसतोडीला जातात, त्यांची मुले तर दिवाळीनंतर टोळीबरोबर दिसेनाशी होतात. जनरल रजिस्टरात ती मार्चपर्यंत शिकत असतात.

मायने मला एकदाच विचारले होते, “आजून कितला वरीस शिकशी रे भाऊ?” तो विरोध नव्हता. तो अंदाजपत्रकाचा प्रश्न होता, आणि तो कोणत्याही प्रवेश समितीच्या अर्जात नसतो.

आता आजचा हिशेब. फी माफ आहे, मग अडते कोठे, असे विचारणारे सहकारी मला भेटतात. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. ला शिकणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जुलै २०१० च्या दरांप्रमाणे दरमहा ३०० रुपये निर्वाह भत्ता होता. दहा महिन्यांचे ३०००. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेसाठी पाच वर्षांचे ५९,००० कोटी रुपये जाहीर केले, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरवला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होऊ लागला. २०२१ च्या नव्या नियमांत त्याच विद्यार्थ्याचा भत्ता वार्षिक ३००० रुपये झाला. म्हणजे ‘दरमहा’चे ‘वार्षिक’ झाले आणि रक्कम जेथल्या तेथे राहिली. वसतिगृहात राहणाऱ्याचे दरमहा ५७० होते, ते वर्षाला ६००० झाले. दशकभरात महागाईने काय केले ते किराणा दुकानात जाणाऱ्याला ठाऊक आहे.

राज्य सरकारला हे कळत नाही असे नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून जी स्वाधार योजना आहे, तिच्यात भोजन, निवास आणि इतर खर्च धरून मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि लहान ठिकाणी ४३,००० रुपये धरले गेले. विद्यार्थ्याच्या एका वर्षाची किंमत सरकारने स्वतःच येथे लिहून दिली आहे. एका हाताने ४३,००० लिहायचे आणि दुसऱ्या हाताने ३००० द्यायचे. मधले ४०,००० कोण देते? जो रोज गावाहून एसटीने येतो तो बाहेर राहत नाही म्हणून स्वाधारमध्ये बसत नाही. तो घरी जेवतो हे खरे, पण घरी तो कमावत नाही, हेही खरे. बाप मजूर असलेल्या घरात शिकणारा मुलगा म्हणजे रोजची एक बुडालेली मजुरी. तिचा रकाना कोणत्याच योजनेत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे : एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत. बारावीच्या निकालानंतर, ज्या महिन्यात घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, नेमका त्याच महिन्यात पास विकत घ्यावा लागतो.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे देशात उच्च शिक्षणाच्या पटावर अनुसूचित जातींचे ६६ लाखांहून अधिक विद्यार्थी आहेत. अठरा ते तेवीस वयाच्या लोकसंख्येशी पटाचे प्रमाण सर्व समाजाचे २८.४, अनुसूचित जातींचे २५.९, अनुसूचित जमातींचे २१.२. १९२७ च्या शून्यापासून येथवर येणे ही लहान गोष्ट नाही, आणि जे तिला लहान म्हणतात त्यांनी आपल्या आजोबांना विचारावे. पण हे प्रमाण पटाचे आहे. पहिल्या वर्षाला बसलेला, एटीकेटी घेऊन दुसऱ्यात गेलेला, आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा देणारा, तिघेही त्यात एक-एकच मोजले जातात. मार्चमध्ये ऊसतोडीवर असलेलाही मोजला जातो. शंभरातले किती चौथीला पोचले हे विचारणारा सभासद येथे लागतो.

आणि नेमक्या याच वेळी हिशेबाची वहीच बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी चार वर्षांची झाली आणि मधे दारे ठेवली गेली : एका वर्षानंतर बाहेर पडला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून सुरू झाले. बाहेर पडलेल्याला परत येता येईल, ही त्यातली सोय आहे. सोय म्हणून ती वाईट नाही. ज्याला आज काहीच हाती लागत नाही त्याच्या हाती एक कागद लागेल. परंतु आकडेवारीच्या दृष्टीने काय होणार ते पाहा. काल जो पहिल्या वर्षानंतर गळाला त्याला निदान ‘गळती’ म्हणता येत होते. उद्या त्याला ‘प्रमाणपत्रधारक’ म्हणता येईल. अहवालात तो यशस्वींच्या बाजूला जाईल. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन निघणारे कोण असतील आणि चौथ्या वर्षापर्यंत थांबणारे कोण, याचा अंदाज ज्याने सालदाराचे साल पाहिले आहे त्याला बांधता येतो. चौथे वर्ष म्हणजे घरातली आणखी एक बुडालेली मजुरी, आणि पुढच्या संशोधनाचा जवळचा रस्ता त्या चौथ्या वर्षातूनच काढलेला आहे. एकाच इमारतीला चार दारे असली की कोण कोणत्या दाराने निघतो हे पाहावेच लागते. गावात पाणवठे किती आहेत यापेक्षा कोण कोणत्या पाणवठ्यावर जातो हे आपण नेहमीच पाहत आलो आहोत.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाकडून आणि विद्यापीठाकडून एक साधा तक्ता मागितला पाहिजे. जात-प्रवर्ग आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे : पहिल्या वर्षी दाखल किती, दुसऱ्याला पोचले किती, तिसऱ्याला किती, चौथ्याला किती, आणि प्रत्येक दारातून निघाले किती. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्ज दहा रुपयांत होतो. शिक्षक मित्रांना तर अर्जाचीही गरज नाही, आपल्या वर्गाचे हजेरीपट आपल्याच कपाटात असतात. तीन वर्षांचे पट शेजारी ठेवून नावे जुळवायला एक रविवार पुरतो. आमच्याकडे २०२४ च्या पावसाळ्यात या नव्या वहीत प्रथम वर्षाला नाव घातलेल्या तुकडीचा तीन वर्षांचा हिशेब २०२७ च्या उन्हाळ्यात पुरा होतो. तिचा पहिल्या दिवसाचा पट मी झेरॉक्स करून बाजूला काढून ठेवला आहे.